वाळल्या चाऱ्याच्या कामासाठी ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर कसं बसवावं

नवा ट्रॅक्टर दारात येतो तेव्हा चाकं ज्या अंतरावर असतात, तिथेच ती बहुतेक घरांत आयुष्यभर राहतात. नांगरट, रोटाव्हेटर, ट्रॉली या कामांना त्याने फारसं अडत नाही. चारा कापणं, वाळवणं, ओळी लावणं आणि बेलरने गठ्ठे बांधणं सुरू झालं की मात्र अडायला लागतं, कारण या कामात चाकांचं अंतर ठरवते ती जमिनीवर पडलेली चाऱ्याची ओळ. टायर ओळीवरून गेला की दाबलेला चारा खालून ओला राहतो, लसूणघासाची पानं झडून मातीत मिसळतात, बेलरच्या पिकअपचे, म्हणजे चारा उचलणाऱ्या भागाचे, दात चपट्या थरावरून नुसते घसरतात आणि उचललंच तर मातीसकट उचलतात. गठ्ठ्यात बुरशी दिसली की दोष उन्हाला किंवा बेलरला दिला जातो. चूक पुष्कळदा चाकांच्या अंतरातली असते.

पाना हातात घेण्याआधी टेप घ्या.

आधी काय मोजायचं

चाकांमधलं अंतर म्हणजे एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर. टायरचा मध्य नजरेने धरताना चूक होते. त्यापेक्षा डाव्या टायरच्या डाव्या कडेपासून उजव्या टायरच्या डाव्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही टायर एकाच मापाचे असतील तर हेच मध्य ते मध्य अंतर. माप ट्रॅक्टरच्या मागून, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) उंचीवर घ्या. जमिनीजवळ टायर वजनाने फुगलेला असतो, तिथलं माप फसवतं.

दुसरं माप टायरच्या खऱ्या रुंदीचं. १३.६ × २८ म्हणजे १३.६ इंच रुंद, साधारण ३४५ मिमी. १४.९ × २८ चा टायर ३७८ मिमीच्या आसपास आणि १६.९ × २८ चा ४२९ मिमी. चाकांच्या अंतरातून एका टायरची रुंदी वजा केली की दोन टायरांमधली मोकळी जागा मिळते. तेवढीच रुंदी मिळवली की ट्रॅक्टरची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी कळते, जी फाटकातून आणि पाणंदीतून जाताना लागते.

तिसरं माप शेतात घ्यायचं. मोव्हर एका खेपेत किती रुंद कापतो, कापलेला चारा किती रुंदीच्या पट्ट्यात टाकतो आणि रेकने ओळ लावल्यावर ती किती रुंद होते, हे तीन आकडे. पुस्तिकेतली रुंदी धरू नका. दाट लसूणघासाची ओळ आणि विरळ डोंगरी गवताची ओळ एकाच रेकने लावली तरी सारखी येत नाही.

एक उदाहरण आकड्यांसह

समजा दोन ड्रमचा, १.६५ मीटर कापणीचा मोव्हर आहे. ट्रॅक्टरच्या मागे, उजवीकडे सरकवून जोडलेला. मागचे टायर १३.६ × २८. दोन ड्रम एकमेकांकडे फिरतात आणि चारा मधोमध सोडतात. तो पट्टा मोजला तर ८० सेंमी भरला.

कापताना उभं पीक उजव्या हाताला असतं. पुढच्या खेपेला ट्रॅक्टरचं उजवं चाक नुकत्याच कापलेल्या पट्ट्याच्या उजव्या टोकाला, उभ्या पिकाच्या कडेने चालतं. १६५ सेंमी पट्ट्यात मधे ८० सेंमी चारा पडला, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेबेचाळीस सेंमी मोकळी धसकटं राहिली. टायर ३४.५ सेंमी. पिकापासून ३ सेंमी सोडून चालवला तर टायर बसतो, वर जेमतेम पाच सेंमी शिल्लक. इथे चालकाचा हात स्थिर हवा.

आता डावं चाक. पिकाच्या कडेपासून डावीकडे मोजत गेलं तर चाऱ्याचा पहिला पट्टा १२२.५ सेंमीवर संपतो आणि त्याच्या आधीच्या खेपेचा पट्टा २०७.५ सेंमीवर सुरू होतो. डावा टायर पूर्णपणे या दोन आकड्यांच्या मधे पडला पाहिजे. उजव्या टायरचा मध्य कडेपासून २० सेंमीवर आहे हे धरून हिशेब केला तर चाकांमधलं अंतर १.२० ते १.७० मीटरच्या आत हवं असं निघतं, आणि मधोमध म्हणजे १.४५ च्या जवळ असेल तर सर्वांत निवांत. १.९० मीटरवर बसवलेला ट्रॅक्टर याच मोव्हरला जोडला तर डावं चाक प्रत्येक खेपेला आधीच्या पट्ट्याची कड तुडवत जाणार. चालकाला ते दिसतही नाही, कारण त्याची नजर उजवीकडे मोव्हरवर असते.

मग बेलर. लहान गोल बेलर साधारण ६० सेंमी व्यासाचे आणि ९० ते १०० सेंमी लांबीचे गठ्ठे बांधतो. ट्रॅक्टर ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून, ओळ पोटाखालून घेत जातो. ओळ १ मीटर रुंद धरली आणि दोन्ही बाजूंना १०-१० सेंमी सोडले तर टायरांमधली मोकळी जागा १.२० मीटर हवी. त्यात टायरची रुंदी ३४.५ सेंमी मिळवली की अंतर किमान १.५४५ मीटर येतं.

मोव्हर म्हणतो १.७० च्या आत, बेलर म्हणतो १.५४५ च्या वर. बऱ्याच ट्रॅक्टरांना चाकं ४ इंचांच्या टप्प्यांनी सरकतात, आणि या दोन्हींमध्ये बसणारा टप्पा ६४ इंचांचा, म्हणजे १६२६ मिमी. त्याच्या आतल्या ६० इंचांच्या टप्प्यावर, १५२४ मिमीवर, ठेवायचं असेल तर रेक थोडा आवळून ओळ ९८ सेंमीच्या आत आणावी लागेल. हा हिशेब आपल्या यंत्रांच्या आकड्यांनी एकदा कागदावर मांडा. अर्धा तास जातो आणि पुढची कित्येक वर्षं कामाला येतो.

चौकोनी बेलर असेल तर गणित उलटं

चौकोनी गठ्ठ्यांचे बरेच बेलर ट्रॅक्टरच्या मागे सरळ न येता उजवीकडे सरकून चालतात. ओळ पोटाखालून जात नाही, उजव्या चाकाच्या बाहेरून जाते. इथे चाकं जितकी रुंद, तितका उजवा टायर ओळीवर चढण्याचा धोका. १४.९ चा टायर आणि १४२२ मिमी अंतर असेल तर टायरची बाहेरची कड ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून ९० सेंमीवर असते, १७२७ वर ती १०५ सेंमीवर जाते. बेलरच्या पिकअपचं डावं टोक मध्यरेषेपासून किती लांब आहे ते मोजा. टायरची कड त्याच्या किमान १० सेंमी आत हवी.

एकाच ट्रॅक्टरवर दोन्ही जातींचे बेलर चालवणाऱ्यांनी चौकोनी बेलरचं माप आधी पाळावं आणि गोल बेलरसाठी ओळ अरुंद लावावी. ओळीची रुंदी रेकवर पाच मिनिटांत बदलते, चाकांना अर्धा दिवस लागतो.

लसूणघास आणि खोडवा: चाक कुठून जातं याला किंमत

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आरएल-८८ ही लसूणघासाची बहुवर्षायू जात आहे. एकदा पेरली की कापण्या होत राहतात. प्रत्येक कापणीनंतर नवे फुटवे जमिनीलगतच्या गड्ड्यातून निघतात. कापून तीन-चार दिवस होताच ते कोंब वर येऊ लागतात आणि टायरखाली मोडले तर त्या जागची वाढ मागे पडते. म्हणून मोव्हर, रेक आणि बेलर या तिघांची चाकं शक्यतो एकाच माळेतून, म्हणजे चाकोरीतून, जावीत. तीन कामांना दोन ट्रॅक्टर असतील तर दोघांचं अंतर सारखं ठेवा. एक १४२२ वर आणि दुसरा १६२६ वर असेल तर तुडवलेला भाग विनाकारण वाढतो.

याचा विचार खरं तर पेरणीच्या वेळीच व्हायला हवा. लसूणघास साऱ्यात पेरतात, आणि साऱ्याची रुंदी सहसा पाण्याच्या सोयीने ठरते. मोव्हरची खरी कापणी दोन खेपांच्या आच्छादनासाठी १० सेंमी कमी धरा. १.६५ चा मोव्हर म्हणजे १.५५ मीटर, दोन खेपांना ३.१० मीटर. सारा तेवढा ठेवला तर चाक वरंब्यावर चढत नाही आणि शेवटच्या खेपेला अर्धा मोव्हर रिकामा फिरत नाही. वरंबे बुटके, पसरट ठेवा. टोकदार वरंब्यावर मोव्हरची तबकडी माती खाते.

उसाच्या पाचटाचे गठ्ठे बांधायचे असतील तर इतर हिशेब बाजूला ठेवा, तिथे सरी सांगेल ते अंतर. ५ फुटांची सरी म्हणजे बरोबर ६० इंच, १५२४ मिमी. एक ओळ पोटाखाली आणि दोन्ही चाकं शेजारच्या सऱ्यांत, खोडव्याच्या बुडख्यांना धक्का नाही. ४ फुटांच्या सरीला ४८ इंच, म्हणजे १२१९ मिमी लागतात. १४.९ किंवा त्याहून रुंद टायरचे ट्रॅक्टर बहुधा इतके आत येत नाहीत, टायर मडगार्डला किंवा लिफ्टच्या साखळीला घासतो. अशा शेतात मोठा ट्रॅक्टर घातला की एक चाक सरीत आणि एक बुडख्यांवर. खोडवा ठेवायचा असेल तर अरुंद टायरचा लहान ट्रॅक्टर आणि त्याला झेपेल असा लहान बेलर, किंवा पाचट जागेवरच कुजवणं बरं.

मागच्या चाकाचे आठ टप्पे कसे होतात

मागचं चाक दोन तुकड्यांचं असतं. मधली खोलगट थाळी, जिला डिस्क किंवा डिश म्हणतात, ती हबला बसते. बाहेर रिम, तिच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेले कान, आणि थाळी या कानांना बोल्टने जोडलेली. यात तीन गोष्टी दोन-दोन प्रकारे बसू शकतात. थाळीची वाटी ट्रॅक्टरकडे तोंड करून किंवा बाहेर तोंड करून. थाळी कानांच्या आतल्या तोंडाला किंवा बाहेरच्या तोंडाला. आणि कान रिमच्या बरोबर मध्यावर नसल्याने रिम सरळ किंवा उलटी. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ टप्पे.

जुन्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरला मागे ४८ ते ७६ इंचांपर्यंत ४-४ इंचांचे असेच आठ टप्पे होते. मिलिमीटरमध्ये ते असे: १२१९, १३२१, १४२२, १५२४, १६२६, १७२७, १८२९, १९३०. ४ इंच हे एकूण अंतर आहे, प्रत्येक चाक दोनच इंच सरकतं. आपल्या ट्रॅक्टरचे टप्पे वेगळे असू शकतात, मोठ्या टायरला आतले एक-दोन टप्पे मना असतात. पुस्तिकेत आठ चित्रांचं पान असतं, ते आधी शोधा. काही ट्रॅक्टरांची थाळी रिमला कायमची वेल्ड केलेली असते. त्यांना दोनच टप्पे मिळतात, चाक डाव्याचं उजवीकडे करून.

टायरची दिशा इथेच चुकते. टायरवरची नक्षी पाठीमागून पाहिली तर घराच्या छपरासारखी, टोक वर असलेली दिसली पाहिजे. म्हणजे जमिनीला टोक आधी टेकतं आणि माती दोन्ही बाजूंना फेकली जाते. जमिनीवर उमटलेल्या ठशात टोक मागे असतं. उलटा बसला तर ओल्या धसकटांवर टायर माती धरून बसतो आणि घसरतो.

दिशा न बिघडवता अंतर बदलायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक, अख्खं डावं चाक न फिरवता सरळ उचलून उजवीकडे आणि उजवं डावीकडे. वाटीचं तोंड आपोआप बदलतं, रिमही उलटी बाजू घेते आणि नक्षीची दिशा मात्र तीच राहते. हबचेच नट सोडायचे असल्याने हे लवकर होतं, पण उडी मोठी असते. दोन, रिम तशीच ठेवून फक्त थाळी उलटवणं किंवा कानाच्या दुसऱ्या तोंडाला नेणं. टायर फिरलाच नाही, त्यामुळे दिशाही शाबूत. चाक जागच्या जागी उलटं करून त्याच बाजूला बसवणं मात्र नेहमी चूक.

मागची चाकं बदलताना

जागा सपाट आणि टणक हवी, सिमेंटचा ओटा किंवा दाबलेला मुरूम. नांगरलेल्या शेतात जॅक खचतो. दोन माणसं लागतातच.

चाकांत वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर ते आधी काढा. एका टायरमध्ये दीडशे-दोनशे लिटर पाणी असू शकतं, आणि तेवढं वजन हातांनी सावरत नाही. पाण्यासाठी व्हॉल्व्ह खाली आणावा लागतो. लोखंडी वजनं लावली असतील तर तीही उतरवा. चाऱ्याच्या कामाला एरवीही इतकं वजन लागत नाही, उलट लसूणघासाच्या गड्ड्यांना ते जाचतं.

हँडब्रेक ओढा, गिअर लहान टाका, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा. मग पुष्कळ जण विसरतात ती गोष्ट: पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलणारा असतो. मागचं एक चाक उचललं की ट्रॅक्टरचं धड त्या पिनवर एका बाजूला कलू शकतं. म्हणून पुढच्या ॲक्सलच्या वर, त्याच्या आणि चासीच्या मधे, दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकून तो जखडून टाका.

चाक जमिनीवर असतानाच नट पाव फेरा सैल करा. हवेत उचललेल्या चाकाचे नट जोर लावून सोडताना ट्रॅक्टर जॅकवरून सरकतो. मग जॅक मागच्या ॲक्सलच्या नळीखाली, चाकाच्या जवळ लावा. गिअरबॉक्सच्या तळाखाली किंवा ड्रॉबारखाली नको. टायर जमिनीपासून दोन-तीन सेंमी सुटला की पुरे. लगेच ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा आणि वजन तिच्यावर सोडा. जॅकच्या भरवशावर कोणी चाकासमोर बसायचं नाही.

वरचे दोन नट शेवटी काढा, तोवर चाक त्यांच्यावर लटकून राहतं. टायरखाली ग्रीस लावलेली फळी सरकवली तर चाक ओढून काढायला आणि परत भोकं जुळवायला सोपं जातं. काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवू नका. आडवं करा किंवा दोन्हीकडून ओंडके लावा.

थाळी आणि हब जिथे टेकतात तो भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. सुटलेल्या रंगाचे पापुद्रे, गंज, वाळलेली माती मधे राहिली तर नट आवळताना घट्ट वाटतात. काम सुरू झालं की ती माती चुरते, अर्धा मिलिमीटर फट पडते आणि नट सैल होतात. नवं अंतर बसवल्यावर आठवड्यात चाक डुगडुगायला लागलं की कारण शंभरातले नव्वद वेळा हेच. थाळीच्या भोकांकडेही पाहा. लांबट झालेली भोकं किंवा भोकापासून निघालेली बारीक चीर दिसली तर थाळी बदला.

नट समोरासमोरचे आवळा, एकामागोमाग एक गोल नको, नाहीतर थाळी एका बाजूला आधी टेकते. पहिला फेर हलक्या हाताने, दुसरा चाक जमिनीला टेकल्यावर पूर्ण ताणाने. ताणाचा आकडा पुस्तिकेतला घ्या. हबचे नट आणि रिमच्या कानांचे बोल्ट यांचे आकडे वेगळे असतात. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा बांधता येतो: पाना आडवा धरून, नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर २५ किलो वजन टांगलं तर साधारण २४५ न्यूटन-मीटर ताण पडतो. पान्यात पाइप घालून अंगाचा पूर्ण भार टाकणाऱ्यांनी हे गणित करून पाहावं, स्टड (नट बसतात ते हबचे आटेदार दांडे) का तुटतात ते कळेल.

एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी. दोन्ही मागची चाकं एकदम उचलायची घाई नको.

आणि कान रिमवरून सुटलाय, तडकलाय असं दिसलं तर टायर चढलेला असताना तिथे वेल्डिंग कधीही करू नका. हवा सोडली असली तरी नको. उष्णतेने आतला वायू पेट घेऊन टायर फुटतो आणि जवळचा माणूस वाचत नाही. टायर पूर्ण उतरवूनच रिम वेल्डरकडे जाईल.

टप्पा हवा तसा मिळत नाही म्हणून हब आणि थाळीच्या मधे गावठी चकत्या भरतात, तेही टाळा. स्टडवर नटाला धरायला आटे कमी उरतात आणि जो ताण थाळी-हबच्या घट्ट घर्षणावर जायला हवा तो स्टड वाकवण्यात जातो.

पुढची चाकं

मागचं सरकवून पुढचं तसंच ठेवलं तर चार चाकांच्या चार माळा होतात. पुढचा टायर मागच्याच्या ठशात पडला पाहिजे, पण अंतर मिलिमीटरला मिलिमीटर जुळायला नको. ६.०० × १६ चा पुढचा टायर साधारण १६ सेंमी रुंद. मागचा ३४.५ सेंमी आणि अंतर १५२४ असेल, तर पुढचं अंतर १३४० ते १७०८ मिमीच्या मधे कुठेही असलं तरी पुढचा टायर मागच्याच्या रुंदीतच चालतो. म्हणजे पुढे बहुधा एखादाच टप्पा हलवावा लागतो.

टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा किंवा पट्ट्यांचा असतो, भोकं पाडलेला. मागच्या चाकांना ओंडके लावा, ॲक्सलच्या मध्याखाली जॅक आणि दोन्ही बाजूंना घोड्या. प्रत्येक बाजूचे बोल्ट काढून नळी एक भोक बाहेर किंवा आत घ्या, दोन्ही बाजू सारख्या. बोल्ट दोन असतील तर मूळ होते तितक्याच अंतरावरच्या भोकांत दोन्ही बसवा. एकच बोल्ट टाकून चालवलेली नळी खड्ड्यात वाकते.

ॲक्सल रुंदावला की स्टिअरिंगचे टाय रॉडही (चाकं वळवणारे दांडे) तेवढेच लांब करावे लागतात, नाहीतर चाकं तोंड फिरवून बसतात. इथे टीई-२० च्या घडणीचं कौतुक करावं लागतं: त्याचा पुढचा ॲक्सल मागे झुकलेला होता आणि सरकवल्यावर रॉडना हात लावावा लागत नसे. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांना रॉड सोडून, सारखे आटे मोजून फिरवावेच लागतात.

नंतर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळली आहेत ते, पाहा. हबच्या उंचीवर दोन्ही पुढच्या रिमांच्या आतल्या कडांवर, पुढच्या बाजूला खडूची खूण करून अंतर मोजा. ट्रॅक्टर पुढे ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवा, खुणा मागे आल्या की पुन्हा तेच अंतर मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा थोडं कमी असावं. किती कमी ते पुस्तिका सांगते, बहुधा काही मिलिमीटरच. बोटभर फरक असेल तर पुढचे टायर एका हंगामात करवतीसारखे झिजतात आणि कोवळ्या लसूणघासात आडवे घासत चालतात. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर चासीला किंवा बॉनेटच्या बाजूला लागत नाही ना ते बघा, लागत असेल तर स्टॉपर बोल्ट सरकवा.

फोर-व्हील ड्राइव्हला नळी नसते. तिथे पुढचं अंतरही रिम आणि थाळी उलटवूनच बदलतं, आणि स्टॉपर तपासणं सक्तीचं, कारण रुंद टायर आणि आतलं अंतर यात वळताना टायर फार जवळ येतो.

बसवून झाल्यावर

मडगार्ड, लिफ्टचे हात, चेक चेन या सगळ्यांपासून मागचा टायर पाच सेंमी तरी लांब हवा. यंत्र उचललेलं आणि खाली, दोन्ही वेळा बघा. उचलल्यावर साखळी सैल होऊन टायरला लागते ती खालच्या स्थितीत दिसत नाही.

दोन्ही मागच्या टायरांत हवा सारखी भरा. एका बाजूला तीन-चार पीएसआय कमी असली तरी ट्रॅक्टर तिकडे कलतो, मोव्हर एका टोकाला जमीन खरवडतो आणि दुसऱ्या टोकाला उंच धसकटं सोडतो. लोक मग टॉप लिंकशी (यंत्राला वरून जोडणाऱ्या दांड्याशी) झटत बसतात.

मोव्हर नव्या अंतराला पुन्हा जुळवायचा राहिला. चाक दोन इंच बाहेर गेलं असेल तर मोव्हरही दोन इंच उजवीकडे सरकवा. त्याच्या आतल्या पात्याचं टोक उजव्या टायरच्या बाहेरच्या कडेपेक्षा ५ ते १० सेंमी आतपर्यंत यायला हवं. तसं नसेल तर टायरने वाकवलेलं गवत पात्यातून सुटतं आणि कापलेल्या शेतात बोटभर रुंदीच्या हिरव्या रेघा उभ्या राहतात. अशा रेघा दिसल्या की पात्यांची धार पाहण्याआधी हे टोक पाहा.

बेलरवर पहिले दोन-तीन गठ्ठे बांधून उतरा. गठ्ठा मधे फुगीर, कडेला पोकळ असेल तर ओळ पिकअपपेक्षा अरुंद आहे. ट्रॅक्टर थोडा डावी-उजवीकडे घेत चालवावा लागेल, आणि त्यासाठी ओळ आणि टायर यांच्यामधे प्रत्येक बाजूला १० सेंमीऐवजी २० सेंमी सूट लागते. ओळीच्या दोन्ही कडांना चपटा, चमकणारा चारा दिसला तर टायर तिथे चढतोय. ओळ मधोमध विस्कटून पुढे ढकलली जात असेल तर चाकांचा काही दोष नाही, ओळ फार उंच झाली आहे आणि पुढचा ॲक्सल किंवा ड्रॉबार ती घासतो आहे. अशा वेळी अंतर वाढवून उपयोग नाही, ओळ पसरट करा.

डोंगरउताराच्या गवताच्या जमिनीवर, किंवा पुढच्या लोडरने गठ्ठे उचलायचे असतील तेव्हा, यंत्राला चालेल त्यातला रुंद टप्पा घ्या. अरुंद चाकांचा ट्रॅक्टर उंच उचललेल्या गठ्ठ्यासह आडव्या उतारावर वळताना उलटतो. पण सर्वांत बाहेरचा टप्पा आणि जड भार एकत्र नको. चाक जितकं बाहेर, तितका ॲक्सलच्या बेअरिंगवर ताण जास्त.

पहिल्या अर्ध्या तासाच्या कामानंतर थांबून सगळे नट पुन्हा ताणा, हबचे आणि कानांचे दोन्ही. दहा तासांनी परत एकदा. नंतर हंगामभर आठवड्याला नजर. नटाभोवती गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसली तर तो नट हलतो आहे. आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला पक्क्या रंगाने मागचं अंतर, पुढचं अंतर आणि ओळीची रुंदी असे तीन आकडे लिहून ठेवा, रेक लावणारा दुसरा माणूस असेल तर त्याला विचारावं लागत नाही.